पटावरची दुसरी मुलगी

माझी वर्गमैत्रीण माझ्यापेक्षा चव्वेचाळीस वर्षांनी मोठी होती. मी पंधरा वर्षांची, ती एकोणसाठची. तिचं हे वयसुद्धा हेडमास्तरांनी अंदाजाने लिहिलेलं. त्यांनी "आपलं वय?" असं अदबीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तोंडाचं सांगू का गुडघ्याचं? गुडघे तं शंभराचे झाले." हेडमास्तर पुण्याकडचे. असल्या उत्तरावर हसायचं की रागवायचं, हे त्यांना वऱ्हाडात चार वर्षं काढूनही ठरवता येत नव्हतं. त्यांनी टाक दौतीत बुडवला, क्षणभर छताकडे पाहिलं आणि एकोणसाठ लिहिलं. साठ लिहायचा धीर झाला नसावा.

ही गोष्ट मी कुणाला सांगायला लागले की लोक मध्येच विचारतात, "म्हणजे शाळेत कामाला होती का?" नाही हो. विद्यार्थिनी होती. पटावर नाव असलेली, गृहपाठ न करणारी, परीक्षेला बसणारी. नववी आणि मॅट्रिक अशी दोन वर्षं ती माझ्या बाकावर माझ्या डाव्या हाताला बसली. उजव्या हाताला बसत नसे, कारण तिचा डावा कान कामाचा नव्हता आणि मी काय पुटपुटते ते तिला ऐकायचं असे. सगळी शाळा तिला माय म्हणायची. हेडमास्तर तेवढे आजीबाई म्हणत, आणि दर वेळी म्हटल्यावर चुकल्यासारखे बघत.

आमची शाळा अकोल्याला, गाव संपून शेतं लागतात तिथे होती. इमारत म्हणजे बंद पडलेली कापसाची जीन, सरकी काढायचा कारखाना. यंत्रं कधीच विकली गेली होती, टिनाचं छप्पर आणि लांबच लांब पडव्या उरल्या होत्या, त्यात तट्टे लावून वर्ग केले होते. आढ्याला जुना कापूस अजून चिकटलेला होता. वारा सुटला की तो आमच्या डोक्यांवर पडायचा आणि दुपारपर्यंत अख्ख्या वर्गाचे केस पांढरे व्हायचे. त्यामुळे मायचं एकटीचं काही फार उठून दिसायचं नाही.

शाळेच्या माहितीपत्रकात सोयींची मोठी यादी छापलेली होती. प्रयोगशाळा, वाचनालय, क्रीडांगण, मुलींची स्वतंत्र खोली. यादी खोटी नव्हती. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात लोहचुंबक आणि काचेच्या तीन नळ्या. वाचनालय म्हणजे दुसरं कपाट, पण त्याची किल्ली खिशात घेऊन आधीचे सेक्रेटरी काशीयात्रेला गेले होते. मुलींची खोली म्हणजे जिनिंगच्या वेळची काट्याची खोली. तिथला कापूस मोजायचा भला मोठा काटा तसाच लटकत होता, आणि आम्ही मुली त्याच्या पारड्यात बसून डबे खायचो. मुलांमुलींची एकत्र शाळा हे त्या वेळी वऱ्हाडात नवलच होतं, म्हणून नियम कडक होते. मुलींनी त्या खोलीत थांबायचं. मास्तर वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागोमाग खाली मान घालून जायचं आणि तास संपला की मास्तरांच्या आधी परत यायचं.

आठवीत आम्ही तिघी होतो. एकीचं लग्न दिवाळीनंतर झालं, ती दर्यापूरला गेली. दुसरीचं वैशाखात, ती हिवरखेडला. मी उरले.

आमचे बाबा तारऑफिसात होते. आयुष्यभर लोकांच्या तारांमधले शब्द मोजून त्यांना घरीही शब्द मोजायची सवय लागली होती. आई म्हणायची, आमच्या लग्नानंतर पहिल्या महिन्यात हे एकूण अकरा शब्द बोलले, त्यातले तीन 'मीठ कमी आहे'चे. दुसऱ्या मैत्रिणीच्या लग्नाची जेवणं उरकून आल्यावर त्यांनी मला समोर उभं केलं.

"वर्गात दुसरी पोरगी असन तं जाय. नसन तं बंद."

पोरांच्या वर्गात एकटी पोरगी बसवायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. तसं त्यांचं मन वाईट नव्हतं. मी मॅट्रिक व्हावं असं त्यांनाही वाटत होतं, पण लोक काय म्हणतील ते त्यांना त्याहून मोठ्याने ऐकू यायचं. मला मात्र मॅट्रिक व्हायचंच होतं. पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं, पण मॅट्रिकच्या अलीकडे थांबायचं नाही, हे मनात पक्कं बसलं होतं.

शाळेच्या कुंपणाला लागून मायची बाग होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि कडेने शेवंती. शाळेचं पिण्याचं पाणी तिच्याच विहिरीवरून यायचं, हीसुद्धा माहितीपत्रकातली एक सोय. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. दोन मुलगे बाजार बघत आणि मोट ती स्वतः हाकायची. सुट्टी संपायला चार दिवस असताना मी त्या विहिरीच्या काठावर बसून रडत होते.

"काहून रडून राह्यली वं?"

मी सगळं सांगितलं.

"दुसरी पोरगी पाह्यजे म्हंते तुहा बाप?"

"हो."

"किती वर्साची पाह्यजे?"

"ते नाही सांगितलं."

ती थोडा वेळ बैलांकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मंग मी का पोरगा हाय?"

आणि तशीच ओल्या पायांनी शाळेकडे निघाली. मला वाटलं, ही आता हेडमास्तरांना माझ्या वतीने चार शब्द सुनावून येईल. ती नाव दाखल करून आली.

हेडमास्तर नियमाचे पक्के होते आणि हाच त्यांचा दुबळेपणा होता. जे नियमात नाही ते त्यांना नाकारता येत नसे. त्यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शिक्षणखात्याचं जाडजूड पुस्तक काढून दोन दिवस वाचलं. विद्यार्थ्याचं वय किमान किती असावं ते त्यात होतं. जास्तीत जास्त किती, हे लिहायचं कुणा साहेबाला सुचलंच नव्हतं. मग त्यांनी प्रवेशाची परीक्षा घेतली. शाळा नवीन होती, बाहेरून आलेल्यांना अशी परीक्षा घेऊनच वर्ग देत. माय वाचायला शिकली होती ती चातुर्मासात बायकांना पोथी वाचून दाखवायला, त्यामुळे आगगाडीच्या इंजिनावरचा धडा तिने पोथीच्या चालीवर वाचला आणि शेवटी पुस्तकाला नमस्कार केला. अक्षरही पोथीतल्यासारखंच, एकेक टपोरं, छापल्यासारखं. गणितात हौद आला. वरच्या नळाने भरतो, खालच्या नळाने रिकामा होतो.

"खालचा नळ उघडा कोनं ठेवला?" माय म्हणाली. "त्याले आधी बलवा."

पण नंतर उत्तर बरोबर सांगितलं, तेही पाटी न घेता.

"आणि इंग्रजीचं काय, आजीबाई?" हेडमास्तरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"ते तुमी शिकवान नं. त्याच्याचसाठी तं येऊन राह्यली."

बाबांनी हेडमास्तरांना चिठ्ठी पाठवली होती : 'वर्गात दुसरी मुलगी आहे काय?' हेडमास्तरांनी उलट चिठ्ठी लिहिली : 'आहे.' एवढं आटोपशीर पत्र बाबांना जन्मात कुणी पाठवलं नव्हतं. ते इतके खूश झाले की पुढे काही विचारायचं त्यांच्या मनातच आलं नाही. मी घरी मायचं नाव घ्यायची, वय सांगत नसे. आईला सगळं ठाऊक होतं. मी बोलायला लागले की तिला हसू यायचं आणि ती स्वयंपाकघरात निघून जायची.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला रिबिनी बांधणारी, चिंचा खाणारी मैत्रीण हवी होती, आणि बाकावर येऊन बसली ही, मेथीच्या वासाची, डोक्यावरून पदर घेतलेली, मांडीवर तुरीच्या शेंगांचं गाठोडं. मुलं खोखो हसायला लागली. माय सावकाश मागे वळली आणि एकेकाकडे बघत म्हणाली, "तू त्या सुताराचा ना? तुह्या बारशाले शेवंतीचे हार मीच देले. अन् तू रे? पाच वर्साचा होईपर्यंत उघडा हिंडत जाय माह्या बागीत." तिसऱ्याकडे बघायच्या आत वर्ग चिडीचूप झाला. आमच्या वर्गात शिस्त आली ती त्या दिवशी, आणि मास्तरांना ती शेवटपर्यंत आपल्यामुळेच आली असं वाटत राहिलं.

हजेरीला ती 'हजर' म्हणायची नाही. "दिसून नाही राह्यली का?" म्हणायची. पुढे माझ्याही वतीने सांगायला लागली. माझं नाव आधी यायचं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणायची, "दोघी आल्या, लिवा."

मास्तरांच्या मागोमाग खाली मान घालून जायची रीत तिने आठवडाभरात मोडली. पारड्यात बसून वाट बघायचा तिला कंटाळा यायचा. घंटा झाली की ती तडक मास्तरांच्या खोलीत जायची. "चला नं मास्तर, पोरगी कवाची थांबली हाय." मग पुढे माय, तिच्या मागे मी, आणि सगळ्यात शेवटी मास्तर अर्धा चहा टाकून, अशी वरात वर्गात यायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवसाची गोष्ट. हेडमास्तर स्वतः भूगोल शिकवत होते. माय मध्येच उभी राहिली.

"हेडमास्तर, पोरींनी जावाचं कुठी?"

"कुठे म्हणजे?"

"आता कुठी म्हंजे काय सांगू? पोट्टे जातेत कुंपनाच्या भाईर. पोरींनी?"

हेडमास्तरांच्या हातातला खडू पडला. तो उचलायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. "त्या विषयावर... नंतर बोलू."

"नंतर कवा? हे पोरगी सकायपासून पानी नाही पेली, जावा लागन म्हनून. मले तीन दिवसांत समजलं, तुमाले चार वर्सांत नाही समजलं?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण ती म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. आम्ही तिघी असतानासुद्धा सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी प्यायचो नाही, आणि हे एकमेकींनाही कधी बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मायचे दोघे मुलगे गाडीभर तुराट्या घेऊन आले. तुरीच्या वाळल्या काड्यांच्या त्या भिंती, वर छप्पर, आत खोल खड्डा, बाहेर पाण्याचा रांजण. दुपारपर्यंत झालं. त्या वर्षीच्या अहवालात हेडमास्तरांनी लिहिलं : 'मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था पूर्ण करण्यात आली.' पुढच्या वर्षी मायने आपल्या निंबाला झोका बांधला, त्याची नोंद 'मुलींची व्यायामशाळा' अशी झाली.

अभ्यासात ती हुशार होती का, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. बीजगणिताचे मास्तर म्हणाले, "समजा, क्ष मुलांनी..." की ती विचारायची, "समजाचं काहून? मोजून घ्या नं." तिला सगळ्यात जास्त राग यायचा तो मास्तर प्रश्न विचारत त्याचा. एकदा इतिहासाच्या मास्तरांनी तिला कुठल्याशा लढाईचं कारण विचारलं.

"तुमाले मालूम हाय का?"

"हो, म्हणजे मला माहीत आहेच."

"मंग मले काहून इचारता?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. संध्याकाळी ते हेडमास्तरांना म्हणत होते, बाईचं काही चुकतंय असं वाटत नाही.

ड्रिलचे मास्तर खाँसाहेब, परतवाड्याचे, पलटणीतून आलेले. त्यांच्या मिशांना सगळी शाळा भ्यायची. ते ओरडायचे, "अम्मा, सीधे खड़े रहो!" माय कमरेवर हात ठेवून म्हणायची, "इतलं सिधं तं मानसाले मेल्यावरच करतेत बाप्पा." पहिले दोन महिने त्यांचं रोज वाजायचं. तिसऱ्या महिन्यात खाँसाहेब तिच्या विहिरीवर बसून ड्रिलच्या तासाला गूळ-शेंगदाणे खाताना दिसायला लागले, आणि मला एकटीलाच कवायत करावी लागली.

इंग्रजी ती सगळ्यात मनापासून शिकली. पण वर्गात नाही, मोटेवर. बैलांना ती 'गो' म्हणायची, 'कम' म्हणायची, 'स्टॉप' म्हणायची. महिन्याभरात बैल तरबेज झाले. आमच्या वर्गातल्या एका मुलाला 'गो' आणि 'कम'मधला फरक सांगता आला नाही तेव्हा मास्तर संतापाने म्हणाले, "जा, त्या बैलांना विचारून ये." सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर बाजारात गेली की ती वांग्यांच्या ढिगामागे बसून 'ब्रिंजाल, ब्रिंजाल' असं ओरडायची. महिन्याभराने अख्ख्या बाजारात वांग्याला ब्रिंजाल म्हणायला लागले, आणि एका दख्खनी, म्हणजे पुण्याकडच्या, म्हातारबुवांनी ही नवी जात कुठून आणली म्हणून चौकशी केली.

असं हसतखेळत दीड वर्ष गेलं. मग मॅट्रिकचे फॉर्म भरायची वेळ आली आणि पालकांनी शाळेत येऊन सही करायची असं ठरलं. आता बाबांना माय दिसणार होती.

बाबा दुपारी आले, छत्री काखेत मारून, वर्गाच्या दारात. मी बाकावर, माझ्या शेजारी माय, सुपात डाळ घेऊन खडे निवडत बसलेली. मधल्या सुट्टीची वेळ होती, पण सह्यांसाठी सगळे वर्गातच थांबले होते; हेडमास्तरही तिथेच होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

"दुसरी कुठं हाय?"

"हे काय," माय म्हणाली. "इथं."

बाबा हेडमास्तरांकडे वळले. हेडमास्तरांनी हजेरीपट पुढे केला. बाबांनी वाचला. परत मायकडे पाहिलं.

"हे पोरगी नाही."

"काहून? मी का बापाचा पोरगा होतो का?" माय सूप खाली ठेवत म्हणाली. "तारबाबू, तुमी पोरगी म्हनलं का कितव्या वर्साची पोरगी म्हनलं?"

 तारेत जो शब्द लिहिला नाही तो पोचत नाही, हा बाबांच्या जन्माचा धंदा. आपणच दिलेल्या तारेत आपणच एक शब्द वाचवला होता आणि तो आता नडत होता. त्यांच्या टोपीवर आढ्यातला कापूस हळूहळू पडत होता आणि ते झटकतही नव्हते. 

"परीक्षा अमरावतीले," ते अखेर म्हणाले.

"मी हाय नं संग."

"भाईर बसून चालनार नाही. आत. हॉलात."

"बसीन आत."

"फारम लागते."

"भरीन. पाहा तारबाबू, वाफा अर्धा भिजवला का मंग पानी तोडत नाहीत. इतलं तं तुमच्याबी ध्यानात येत असन."

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. जाताना दारात थांबून ते मायकडे न बघता म्हणाले, "बरं झालं." नंतर आई म्हणाली की ते रस्त्यात एकटेच हसत आले, गल्लीतल्या लोकांनी पाहिलं.

हेडमास्तरांचा चेहरा मात्र उतरला होता. शाळेची मॅट्रिकची पहिलीच तुकडी, आणि तिच्यात माय. दुसऱ्या दिवसापासून ते शाळा सुटल्यावर तिच्या बागेत जाऊन बसायला लागले. ती निंदायची आणि हे बांधावरून व्याकरण सांगायचे. मी असायचेच. चार महिन्यांत असं झालं की इतिहास मला पुस्तकापेक्षा तिच्याकडून ऐकायला बरा वाटू लागला. कोण राजा कुणाचा कोण आणि कुणाशी का बिघडलं, हे ती गावातल्या भाऊबंदकीसारखं सांगायची, आणि एकही नाव चुकायची नाही. हेडमास्तर एकदा मला हळूच म्हणाले, "या पास होतील गं!" त्यांचे डोळे चमकत होते.

त्या वर्षी आमच्याकडच्या मुलींची बैठक अमरावतीला होती. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही गेलो, अंबादेवीजवळ तिच्या भाचीकडे उतरलो. पहिल्या दिवशी केंद्राच्या दारावरचा कारकून म्हणाला, "आजी, सोबतच्या बायका तिकडे झाडाखाली." मायने कमरेच्या पिशवीतून बैठकीचा नंबर काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्याने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग शेजाऱ्याला दाखवला. तोवर आम्ही आत गेलो होतो.

गणिताच्या पेपरला माझा हात चालेना. सगळी अक्षरं माशांसारखी हलायला लागली. शेजारच्या बाकावरून माय देखरेखीच्या बाईंना म्हणाली, "बाई, पानी पाह्यजे. मले नाही, त्या पोरीले." मी पाणी प्यायले. भांडं खाली ठेवलं तेव्हा आकडे जागच्या जागी होते.

शेवटचा पेपर इतिहासाचा. मी लिहिता लिहिता सहज डावीकडे पाहिलं. मायने पहिल्या पानावर नंबर लिहिला होता, टाक पुसून बाजूला ठेवला होता आणि हातावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं तिला बरं वाटत नाही. बाईंनी दोनदा येऊन विचारलं. "लिवून झालं," ती म्हणाली. तीन तास ती तशीच बसली. परतीच्या गाडीत मात्र तिने संत्री सोलून सगळ्या डब्याला वाटली आणि मला म्हणाली, "जास्त इचारू नको, खाय."

निकाल नागपूरहून आला. मी पास झाले. मायचं नाव यादीत नव्हतं. हेडमास्तर सकाळपासून खुर्चीत बसून होते, त्यांनी तिच्या गुणांचा कागद माझ्यापुढे सरकवला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीतसुद्धा, काठावर. इतिहासात शून्य.

मी पेढे घेऊन बागेत गेले, तिची समजूत काढायची असं ठरवून. ती वाफ्यात बसून मेथी टाकत होती. तिने पेढा तोंडात टाकला.

"तू पास?"

"हो."

"मी नापास?"

"हो माय."

"बरं झालं."

मला रडू फुटलं. "बरं काय झालं? मला इतिहास तूच शिकवलास आणि स्वतः कोरा कागद देऊन आलीस! का केलंस असं?"

तिने हाताने कुंपणापलीकडे दाखवलं. काट्याच्या खोलीच्या दारात, पारड्याच्या कडेला टेकून, नववी झालेली एक मुलगी एकटी उभी होती. तिच्या मैत्रिणीचं लग्न याच महिन्यात झालं होतं, पण ते ठरलं होतं आमच्या परीक्षेच्या आधीच.

"तिचा बापबी तुह्या बापावानीच म्हंते. तिचं मॅट्रिक राह्यलं हाय अजून." मायने मूठभर बी परत वाफ्यात टाकलं. "मी पास झाली असती तं हेडमास्तरनं पटावरून माहं नाव नसतं काटलं का वं?"

 मी तिच्या पाया पडायला वाकले, तर ती ओरडली, "पाय नको देऊ वाफ्यात, मेथी टाकली हाय!" मी वाफ्याबाहेर उभी राहून रडत आणि हसत राहिले. एवढं प्रेम माझ्यावर आजवर कुणी केलेलं नव्हतं, आणि ते नुसतं माझ्यावर नव्हतं याचं मला त्याहून जास्त अप्रूप वाटत होतं.

आमच्या शाळेत खालच्या वर्गात मुली दोन-तीन असायच्या, मॅट्रिकपर्यंत येता येता एकच उरायची. दर वर्षी तिच्या डाव्या हाताला माय बसली. नव्या सेक्रेटरींनी तक्रार केली की या बाईमुळे शाळेचा निकाल कधी पुरता लागत नाही. हेडमास्तरांनी ते जाडजूड पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि विद्यार्थ्याने किती वेळा नापास व्हावं यावर मर्यादा घातलेली असल्यास दाखवा म्हणाले. पहिल्या वर्षीच्या शून्याने इतिहासाचे मास्तर फार खचले होते, म्हणून मायने दुसऱ्या वर्षी भूगोल कोरा दिला, मग बीजगणित, मग विज्ञान, मग मराठी, मग इंग्रजी. कुणा एका मास्तरांवर ठपका नको, असं तिचं म्हणणं.

ती सहा वेळा नापास झाली आणि आम्ही सहाजणी मॅट्रिक झालो. सातव्या वर्षी वर्गात एकदम दोन मुली उरल्या. त्या वर्षी माय पास झाली.